पेटी, नोंदवही आणि किल्ली

2021च्या जूनमध्ये मी गावी होतो. ऑफिस बंद आणि लॅपटॉप चालू, असे ते दिवस. कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर असलेल्या आमच्या गावात हमखास नेटवर्क मिळायची जागा एकच होती, ती म्हणजे ग्रामपंचायतीशेजारच्या वाचनालयाची पायरी. तिथं बसून मी रोज सकाळी कंपनीची मीटिंग उरकायचो. आठवडाभर हा प्रकार बघितल्यावर ग्रंथपाल तात्या एक दिवस शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, “कॉम्प्युटरसंगं एवढं बोलतोस, तर आमचं वाचनालय बसतंय का बघ की त्यात.”

मला हा प्रश्न फारच सोपा वाटला. खोली एक, कपाटं सहा, पुस्तकं हजारभर. बँकांच्या व्यवहारांचा डेटा सांभाळणाऱ्या माणसाला हे काय अवघड? तीन रविवारांत मी एक अ‍ॅप तयार केलं. पुस्तकांना बारकोड, सभासदांना नंबर, मुदत संपली की मोबाइलवर आठवण. तात्यांनी ते कौतुकानं बघितलं, मला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा देवघेवीची जुनी नोंदवही उघडून बसले.

मला राग आला होता. तो राग जायला दोन-तीन वर्षं गेली, आणि ती वर्षं मी हे वाचनालय मुळात आलं कुठून हे शोधण्यात घालवली. तो शोध सुरू होतो बडोद्यापासून.

शहरात आलं, गावात नाही

त्याआधी थोडं मागं जाऊ. महाराष्ट्रातलं सार्वजनिक वाचनालय तसं जुनं आहे. रत्नागिरीचं 1828चं, नाशिकचं 1840चं, पुण्याचं 1848चं. आमच्या कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर 1850चं. यातली बरीचशी सुरुवातीला ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावानं ओळखली जायची. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, नव्यानं शिकलेले कारकून, वकील आणि शिक्षक यांनी मिळून ती उभी केली. वर्गणी भरायची आणि वाचायचं, असा मामला.

म्हणजे ज्याच्याकडे वर्गणी होती आणि ज्याला वाचता येत होतं, त्याच्यासाठी वाचनालय होतं. ते जिल्ह्याच्या गावी होतं. खेड्यातल्या माणसाकडे या दोन्ही गोष्टी नव्हत्या, आणि त्या त्याला मिळाव्यात असं फारसं कुणाला वाटतही नव्हतं.

ज्याला वाटलं, त्याचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाणे गावचा. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा 1875 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याला अक्षरओळख नव्हती. पुढं तो महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे म्हणून ओळखला गेला. बारा वर्षांचा होईपर्यंत एकही अक्षर न वाचलेल्या माणसानं भारतातली पहिली सलग ग्रामीण ग्रंथालयव्यवस्था उभी केली, ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती.

बडोद्याचा हिशोब

सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1893 साली अमरेली भागात प्रयोग झाला आणि 1906मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. पण मग एक अडचण लक्षात आली. मूल चार इयत्ता शिकतं, शाळा सोडतं, शेतात जातं, आणि वाचायला काहीच नसल्यामुळं काही वर्षांत अक्षर विसरतं. शाळेवरचा खर्च वाया. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम लाँच झाली, पण नंतर ती चालू ठेवायची सोय कुणी केलीच नव्हती.

त्याच 1906 साली सयाजीराव अमेरिकेत गेले होते. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली, आणि 1910मध्ये न्यू हेवन इथल्या विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. बोर्डन जेमतेम तीन वर्षं राहिले. तेवढ्यात संस्थानात ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं झालं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, ग्रंथपाल घडवणारा देशातला पहिला प्रशिक्षण वर्ग 1911मध्ये सुरू झाला. महाराजांनी आपल्या राजवाड्यातला खासगी ग्रंथसंग्रहही मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला. 1912पासून ‘लायब्ररी मिसलनी’ नावाचं त्रैमासिक निघू लागलं. ते तीन भाषांत निघायचं: इंग्रजी, गुजराती आणि मराठी. बोर्डन परत गेल्यावर हे खातं ज. स. कुडाळकर यांनी सांभाळलं.

पण मला भुरळ पडली ती यातल्या दोन गोष्टींची.

पहिली गोष्ट म्हणजे हिशोब. गावाला वाचनालय हवं असेल, तर गावानं आधी स्वतः पैसे उभे करायचे. खेडं असेल तर वर्षाला 100 रुपयांपर्यंत, तालुक्याचं गाव असेल तर 300पर्यंत, जिल्ह्याचं असेल तर 700पर्यंत. गाव जेवढे उभे करील तेवढेच प्रांत पंचायत घालणार आणि तेवढेच सरकार घालणार. एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश. इमारतीलाही हाच न्याय. सगळा खर्च करण्याइतका पैसा संस्थानाकडे होता, तरी राजानं सगळं फुकट दिलं नाही. ज्या गोष्टीत गावाचा पैसा नाही, त्या गोष्टीकडे गाव बघणार नाही, एवढं त्याला कळत होतं.

दुसरी गोष्ट पेटी. ज्या गावात वाचनालय नाही, तिथं फिरती पेटी जायची. लाकडी पेटी, आत वीस-पंचवीस पुस्तकं. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. गावातला शाळामास्तर किंवा कुणी जबाबदार माणूस ती ताब्यात घेई, पुस्तकं वाटी, गोळा करी आणि पेटी परत पाठवून दुसरी मागवी. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न होता, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवायची. पुढं सिनेमाही आला. संध्याकाळी गावात पडदा लागला, की माणसं जमत. निरक्षर माणूसही वाचनालयाचा माणूस आहे, हे त्या खात्यानं शंभर वर्षांपूर्वी गृहीत धरलं होतं.

आणि हे सगळं महाराजांच्या आदेशानंच झालं असंही नाही. बोर्डन यायच्या आधी, 1906मध्येच, मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकानं चरोतर भागातल्या खेड्यांत ‘मित्रमंडळ’ वाचनालयं सुरू केली होती. वर्तमानपत्रं, मासिकं, थोडी पुस्तकं, चार तरुण पोरं. पुढं संस्थानानं मोतीभाईंनाच ग्रंथालय खात्यात घेतलं आणि खेड्यांचं काम त्यांच्यावर सोपवलं. सरकारनं नवी यंत्रणा घडवली, पण जी माणसं आधीच हे काम करत होती त्यांना बाजूला सारलं नाही. खेड्यापाड्यांतली वाचनालयं शेकड्यांनी वाढली, ती या जोडीमुळं.

1945: एकाच वर्षी दोन गोष्टी

आता आमच्याकडं येऊ. ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा करणारं भारतातलं पहिलं राज्य कुठलं, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला तर बरीच मुलं मद्रास लिहितात. स्वतंत्र भारतापुरतं ते बरोबर आहे, तो कायदा 1948चा. पण त्याच्या तीन वर्षं आधी, 1945मध्ये, कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. म्हणजे माझं गाव देशातल्या पहिल्या ग्रंथालय कायद्याच्या हद्दीत होतं.

हे वाचलं तेव्हा मी तात्यांना फोन केला. ते म्हणाले, “असंल. आमच्यापर्यंत काय आला न्हाई बाबा.”

येणार कसा? 1 मार्च 1949ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तो कायदा इतिहासजमा झाला. मुंबई प्रांतात तेव्हा ग्रंथालयांचा कायदाच नव्हता. तिथं एक योजना होती. बाळासाहेब खेरांच्या सरकारनं 1939मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली होती. फैजी इस्लामी कायद्याचे मोठे अभ्यासक आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांच्या समितीनं 1940मध्ये दिलेल्या अहवालात मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका, पेटा आणि शेवटी गाव, अशी उतरंड आखली होती. महायुद्धात तो अहवाल पडून राहिला. 1947मध्ये अंमलबजावणी सुरू झाली ती वरून, म्हणजे प्रादेशिक आणि जिल्हा ग्रंथालयांपासून. वरून सुरू झालेली उतरंड शेवटच्या पायरीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे वेगळं सांगायला नको.

त्याच 1945 साली, खाली त्रावणकोरात, वेगळंच काही घडलं. पी. एन. पणिक्कर नावाच्या शिक्षकानं 47 गावांतल्या वाचनालयांची माणसं अंबलप्पुळा इथं एकत्र आणली आणि ग्रंथशाळा संघ स्थापन केला. कायदा नव्हता, होती फक्त माणसं. त्रावणकोर संस्थानही पुढं विलीन झालं, राज्याचं नाव बदललं, सरकारं बदलली. संघ टिकला, केरळभर पसरला, आणि 1989मध्ये तिथं कायदा झाला तेव्हा तो या माणसांच्या कामावर उभा राहिला. पणिक्करांचा स्मृतिदिन, 19 जून, केरळात वाचन दिन म्हणून पाळतात.

कोल्हापूरनं कायदा केला आणि विलीनीकरणात तो संपला. त्रावणकोरनं माणसं जोडली आणि ती विलीनीकरणातून तरली. मी स्वतः कायदा आणि कोड या दोन गोष्टींवर फार विश्वास ठेवणारा माणूस आहे. एकदा नीट लिहिलं की चालतं, असं मला वाटायचं. 1945च्या या दोन गोष्टींनी मला पहिल्यांदा गप्प केलं.

1967चा कायदा काय देतो

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967चा. तो 1 मे 1968पासून लागू झाला. त्यानं राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय समित्या अशी रचना आणली. राज्य सरकारनं ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत, असंही त्यात आहे. पण तामिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांत स्थानिक करांवर ग्रंथालयासाठी उपकर आहे, तसा तो आपल्याकडं ठेवला नाही. आणि गावोगाव सरकारी वाचनालयं काढण्याऐवजी, लोकांनी काढलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान द्यायचं, असा मार्ग निवडला. 1970च्या नियमांनी अनुदानाची पद्धत ठरवली.

म्हणून आपल्या गावचं वाचनालय ‘शासनमान्य’ असतं, ‘शासकीय’ नसतं. पाटीवरचा हा एक शब्द नीट वाचला तर सगळं कळतं. वाचनालय गावातल्या संस्थेच्या मालकीचं. त्याची कार्यकारिणी असते, वार्षिक सभा असते, हिशोब तपासून घ्यावा लागतो. सरकार अनुदान देणार. बाकीचं वर्गणी आणि देणग्यांतून. बडोद्याचाच हिशोब, फक्त वाटण्या बदललेल्या.

या पद्धतीतून महाराष्ट्रात 12 हजारांच्या आसपास शासनमान्य ग्रंथालयं उभी राहिली. हा आकडा लहान नाही. त्यामागं कुणी मोठा पुढारी नाही. निवृत्त शिक्षक, तरुण मंडळाची पोरं, दूध संस्थेचा सचिव, एखादा पोस्टमास्तर, अशी माणसं आहेत. आमच्या वाचनालयाची जागा एका विधवा आजीनं दिली आणि पहिलं कपाट तालमीच्या पैशातून आलं, असं तात्या सांगतात.

पण या चित्राची दुसरी बाजूही आहे. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि खेड्यातली बहुतेक क किंवा ड वर्गात. आमचं ड. ड वर्गाचं वार्षिक अनुदान कित्येक वर्षं 30 हजार रुपये होतं. 60 टक्के वाढ झाल्यावर ते 48 हजारांवर गेलं. वर्षाचं, महिन्याचं नाही. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि ग्रंथपालाचं मानधन. निम्मी रक्कम मानधनाला धरली, तर महिन्याला 2 हजार पडतात. पुण्यात मी आणि माझे मित्र एका शनिवारी हॉटेलात याहून जास्त खर्च करतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

2012मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ग्रंथालयं फक्त कागदावर सापडली. कुठं पुस्तकं नव्हती, कुठं खोलीच नव्हती. गैरप्रकार होते, ते पकडले गेले हे चांगलंच. पण त्यानंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता आणि जुन्यांचा वर्गबदल कित्येक वर्षं थांबला. ज्या वाडीत पोरांनी नवं वाचनालय काढलं, ती पोरं अनुदानाची वाट बघत मोठी झाली आणि शहरात गेली. खोट्यांच्या पापाची किंमत खऱ्यांनी मोजली.

डेटाबेसला न दिसलेले वाचक

आता माझ्या अ‍ॅपकडं परत येतो.

अ‍ॅपसाठी मी देवघेवीच्या दहा वर्षांच्या नोंदी संगणकावर चढवल्या होत्या. चढवल्यावर माझ्यासारखा माणूस पहिलं काय करतो? क्वेरी मारतो. कोण वाचतं, काय वाचतं, किती दिवसांत परत करतं. निकाल बघून मी तात्यांना जरा ऐकवलंच, “तात्या, तुमच्या वाचनालयात बायका नाहीतच. सभासदांत बोटावर मोजण्याइतक्या. हे बरोबर नाही.”

तात्या हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, “उद्या पहाटे डेअरीत ये.”

दुसऱ्या दिवशी सहाला मी दूध संस्थेत गेलो. बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. माप, फॅट, पावती. तात्या कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले, शेजारी खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. दूध घालून झालं, की एखादी बाकापाशी थांबायची. पदराखालून नाहीतर किटलीच्या पिशवीतून पुस्तक निघायचं. तात्या ते घेऊन दुसरं द्यायचे. “ते मागलं लई रडवं हुतं, आता हसायचं द्या कायतरी,” असं एक काकू म्हणाल्याचं मला आठवतंय. वीस मिनिटांत पिशवीतली सगळी पुस्तकं बदलली. मग तात्या वाचनालयात आले आणि नोंदवहीत नावं लिहू लागले. कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या पोराचं, कुणाच्या सासऱ्याचं. कारण सभासद ते होते. अनामत त्यांच्या नावावर भरलेली होती.

मी नोंदवही पुन्हा बघितली. जिथं पुस्तक घरच्या बाईसाठी गेलं होतं, तिथं नावापुढं पेन्सिलीनं एक बारीक टिंब होतं. दहा वर्षांची टिंबं. मी नोंदी संगणकावर चढवताना ती बघितली होती आणि शाईचे डाग समजून सोडून दिली होती.

तात्यांना बडोद्याच्या पेटीबद्दल काहीही माहीत नव्हतं. मोतीभाई अमीन हे नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. तरीही फिरती पेटी आमच्या गावात रोज पहाटे फिरत होती. आमच्या वाचनालयात ‘स्त्री’ मासिकाचे बांधणी केलेले जुने अंक आहेत. किर्लोस्करवाडीहून 1930पासून निघू लागलेलं हे मासिक. त्या अंकांच्या पानांना दुधाचा आणि धुराचा वास आहे. ते पुरुषांच्या नावावर घरी गेले आणि चुलीपुढं वाचले गेले, याचा दुसरा पुरावा मला नको.

अ‍ॅपचं पुढं काय झालं, तेही सांगतो. अनुदानासाठी तपासणी झाली तेव्हा मी उत्साहानं लॅपटॉप उघडून बसलो होतो. तपासायला आलेल्या साहेबांनी स्क्रीनकडं एकदा बघितलं आणि दाखल नोंदवही मागितली. तेव्हा मी वैतागलो होतो. पण दीड वर्षानं मी सर्व्हरचं भाडं भरायला विसरलो आणि अ‍ॅप बंद पडलं. दाखल नोंदवही मात्र वाचनालय सुरू झालं त्या दिवसापासूनची आहे. पहिल्या पानावरचं पहिलं पुस्तक अजून कपाटात आहे, दोनदा बांधणी करून.

गावाचा तिसरा हिस्सा

गेल्या वर्षी तात्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर धूळ आणि वाचन बंद. मी घरून काम करायची परवानगी काढली आणि किल्ली माझ्याकडं आली.

त्या महिन्यात मला कळलं की वाचनालय म्हणजे पुस्तकं ठेवायची जागा, ही माझी समजूत किती अपुरी होती. सकाळी आठला म्हातारी मंडळी पेपरला. त्यांच्यातल्या एकाला दिसत नाही, दुसरा त्याला मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि बातमीपेक्षा त्यावरचं भांडण जास्त वेळ चालतं. दुपारी पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं-मुली. मुली जास्त, कारण घरी बसलं की काम सांगतात. वाचनालयात बसलेल्या मुलीला कुणी भाकरी थापायला उठवत नाही. संध्याकाळी शाळेची पोरं ‘किशोर’चे अंक मागतात आणि पावसाळ्यात छत गळतं म्हणून बादली कुठं ठेवायची ते मला तीच दाखवतात. रात्री कार्यकारिणीची बैठक: वीजबिल, व्याख्यानाला कुणाला बोलवायचं, वाचन प्रेरणा दिनाचा फोटो काढला का.

पहाटे डेअरी मात्र मला जमली नाही. पहिल्या दिवशी पिशवी घेऊन गेलो, तर एकही बाई बाकापाशी आली नाही. माझ्यासमोर पुस्तक मागायची त्यांना ओळख नव्हती. आईनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन गेली. ती येताना रिकाम्या हातानं आली नाही. जुनी पुस्तकं परत आली होती आणि नव्या चार बायकांनी मागणी नोंदवली होती. आईनं स्वतःसाठीही एक ठेवून घेतलं. माझी आई वाचते, हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळलं. नोंदवहीत ती माझ्याच नावावर होती. नावापुढं टिंब.

तात्या आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत निघतो आणि पुढच्या बैठकीवर जातो. मी पुण्या-मुंबईत असलेल्या आमच्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाहन टाकलं. बडोद्याचा एक तृतीयांशाचा हिशोब समजावून सांगितला. पैसे आले. अपेक्षेपेक्षा जास्त आले. छत दुरुस्त झालं, नवी कपाटं झाली. पण किल्ली कोण घेणार, असं विचारल्यावर ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मग कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या.

तेव्हा मला तो हिशोब नीट कळला. गावाचा तिसरा हिस्सा पैशाचा होता, हे खरंच. पण त्या 100 रुपयांच्या मागं दारोदार फिरून ते गोळा करणारा माणूस होता. पेटी उतरवून घेणारा मास्तर होता. सरकारी हिस्सा अपुरा आहे. तो वाढायला हवा, ग्रंथपालाला जगता येईल असं वेतन मिळायला हवं, आणि त्यासाठी भांडायला हवं. माणसाच्या चांगुलपणावर सरकारनं पन्नास वर्षं बचत केली आहे. पण सरकारनं उद्या सगळं दिलं, तरी पहाटे डेअरीत बसायला तो माणूस लागेलच. माझ्यासारखे तिथं शिकून बाहेर पडले, आणि गावाचा तो हिस्सा आम्ही सोबत घेऊन गेलो.

सध्या किल्ली अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीकडं आहे. भरतीचा निकाल लागेपर्यंत सांभाळते म्हणाली आहे. तिचं मानधन आम्ही ग्रुपमधून वाढवून देतो. निकाल लागला तर ती जाईल, आणि ती जावी अशीच आम्हा सगळ्यांची इच्छा आहे. मग पुन्हा शोध.

मी महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री गावी जातो आणि दोन दिवस वाचनालयात बसतो. अ‍ॅप पुन्हा केलेलं नाही. दाखल नोंदवहीची पानं मात्र स्कॅन करून ठेवली आहेत, टिंबांसकट. गेल्या खेपेला एक नवी गोष्ट बघितली. सभासदांच्या नोंदवहीत आईचं नाव तिच्या स्वतःच्या नावानं लागलं आहे. त्याखाली आणखी सहा बायकांची. अनामत प्रत्येकीनं दुधाच्या बिलातून भरली आहे.